बारा वाजताची सावली

शिक्षकांच्या मेळाव्यात प्रयोग, प्रकल्प, निरीक्षण असे काही सांगायला आम्ही उभे राहिलो की मागच्या ओळीतून एक प्रश्न हमखास येतो. "हे सगळे ठीक आहे हो, पण परीक्षेचे काय?" विचारणारा बहुधा चांगला शिक्षक असतो. वाईट शिक्षकाला हा प्रश्न पडत नाही. त्याने उत्तर केव्हाच ठरवून टाकलेले असते. आजवर या प्रश्नाला आम्ही "समतोल साधा" असे उत्तर देत आलो. आठवड्याचे चार तास पाठ्यपुस्तकाला आणि सरावाला, एक तास प्रकल्पाला, एक तास डिजिटल वर्गाला. या उत्तरावर कुणी नाराज होत नाही. पण ते चुकीचे होते असे आता आम्हांला वाटू लागले आहे. का, ते एका सावलीच्या निमित्ताने सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलींनी जानेवारीच्या मध्याला एक प्रकल्प केला. मैदानावर ओळंबा लावून एक मीटर उंचीची काठी उभी केली आणि दर पंधरा मिनिटांनी तिची सावली मोजली. खर्च शून्य. सरांनी फक्त दोन गोष्टी सांगितल्या होत्या : काठी हलू द्यायची नाही आणि मोजलेला आकडा खोडायचा नाही. वहीत आकडे असे होते : १२ वाजता ८४ सें.मी., सव्वाबाराला ८२, साडेबाराला साडेऐंशी, पाऊण वाजता ८०, एक वाजता पुन्हा साडेऐंशी, सव्वा वाजता ८२, दीड वाजता ८५. दोन गोष्टी मुलींच्या लक्षात आल्या. एक, भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो हे खरे नाही. एक मीटर काठीला ८० सें.मी. सावली म्हणजे काही थोडीथोडकी नव्हे. दुसरी, सर्वांत लहान सावली बाराला नव्हती, पाऊण वाजता होती. घड्याळ पुढे-मागे असेल म्हणून त्यांनी सरांच्या मोबाइलवरची वेळ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तेच.

यात नवल नाही. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची आहे. सातारा ७४ अंशांवर आहे. फरक साडेआठ अंशांचा. अंशाला चार मिनिटे धरली तर चौतीस मिनिटे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे खरी मध्यान्ह घड्याळाच्या तुलनेत वर्षभर मागेपुढे सरकत असते. जानेवारीच्या मध्याला ती आणखी नऊ-दहा मिनिटे उशिरा येते. साताऱ्याला खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२.१८ ला, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.४८ च्या सुमाराला होते. म्हणजे घड्याळात बारा वाजता सर्वांत लहान सावली पडते असा दिवस साताऱ्याला वर्षातून एकही येत नाही. गडचिरोलीला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, येतो. तिथे नोव्हेंबरात तर मध्यान्ह बाराच्या आधीच होऊन जाते.

पुढल्या वर्षी त्यांतली एक मुलगी आठवीत गेली. वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. २००८ सालापासूनची ही योजना आहे. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी, दर वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मजुराच्या घरात ही रक्कम म्हणजे मुलीचे शिक्षण दहावीनंतर चालू राहणार की नाही याचे उत्तर असते. परीक्षेला बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या, प्रत्येकी नव्वद प्रश्न, चार पर्याय, एक गोल काळा करायचा. शाळेने सराव चाचणी घेतली. बाजारातला एक प्रश्नसंच आणला होता. त्यातला एक प्रश्न असा :

"दुपारी १२ वाजता आपली सावली कशी असते? (१) सर्वांत लांब (२) सर्वांत लहान (३) पूर्वेकडे पडलेली (४) यांपैकी नाही."

मुलीने चौथा पर्याय काळा केला. उत्तरसूचीत दुसरा होता. गुण गेला. ती वही घेऊन सरांकडे आली. "सर, तुम्हीच म्हणाला होता आकडा खोडायचा नाही."

सरांनी जे उत्तर दिले ते त्यांनीच आम्हांला सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते तिला म्हणाले, "वहीत तुझे बरोबर आहे. परीक्षेत मात्र दोन नंबरचा पर्याय लिही."

आम्ही त्या सरांना दोष देत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर हेच म्हणालो असतो. शिष्यवृत्ती पणाला लावून कुणी गॅलिलिओ घडवू नये. पण ज्याला आम्ही समतोल म्हणत होतो त्याचे खरे रूप हे होते. प्रकल्पाच्या तासाला एक सत्य, सरावाच्या तासाला दुसरे, आणि कुठे कोणते लिहायचे हे ओळखणे म्हणजे हुशारी. मुले हे फार लवकर शिकतात. पुढे आयुष्यभर तेच करतात.

गंमत अशी की ते दुसरे सत्य पाठ्यपुस्तकातले नव्हतेच. आपल्या राज्याच्या आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा स्वतंत्र पाठ आहे. अंशाला चार मिनिटे हा हिशेब मुलांना तिथेच शिकवला जातो. म्हणजे भूगोलाच्या प्रश्नात मुलीने चौतीस मिनिटांचा फरक काढायचा आणि चार पाने उलटून विज्ञानाच्या प्रश्नात बाराला मध्यान्ह मानायची. प्रश्न काढणाऱ्याने भूगोलाचे पुस्तक उघडले नव्हते, आणि काठी तर नाहीच. त्याने दुसरा एक प्रश्नसंच उघडला असणार. असले प्रश्न एका संचातून दुसऱ्यात वंशपरंपरेने जातात.

आता डिजिटल वर्गाकडे येऊ. त्याच शाळेत देणगीतून आलेला मोठा स्पर्शफलक आहे. त्याच्याबरोबर आलेल्या चित्रफितींत सावलीवरही एक आहे. आम्ही ती पाहिली. रंग सुरेख, निवेदन शुद्ध. सूर्य उगवतो, मुलाची सावली लांब पडते. घड्याळाचे दोन्ही काटे बारावर येतात, सूर्य थेट डोक्यावर थांबतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. साताऱ्याला सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा : मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुटी असताना, आणि ऑगस्टच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, आकाश भरून आलेले असताना. (निसर्गाने ही तारीख ठरवताना शिक्षण खात्याला विचारले नव्हते.) तेव्हाही ती वेळ बाराची नसते. म्हणजे चित्रफितीतले दृश्य साताऱ्याच्या मुलाला कधीच दिसणार नाही, आणि तरी चारशे मुलांनी ते पाहिले आहे.

चूक तर पुस्तकातही असते, फळ्यावरही असते. चित्रफितीबद्दल आमची तक्रार वेगळी आहे. तिच्यातला प्रयोग नेहमीच यशस्वी होतो. काठी तिरपी होत नाही, ढग येत नाही, दोन मुलींनी एकाच सावलीला ८० आणि ८१ मोजले असे घडत नाही. सावलीची कड जवळून पाहिली तर ती रेघ नसून धूसर पट्टा असतो आणि तो कुठून मोजायचा यावर भांडण होते. ते भांडण म्हणजेच विज्ञानाचा तास. चित्रफीत हा तास कापून टाकते आणि निष्कर्ष हातात देते. म्हणून ती परीक्षेच्या तयारीला फार सोयीची पडते. 'तंत्रज्ञानाधारित शिक्षण' या नावाखाली आज जे चालते त्यातले बरेचसे म्हणजे रंगीत गाईड होय.

आणि प्रकल्प? तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्ही बसलो आहोत. ज्वालामुखी पाच, पवनचक्क्या तीन, पर्जन्यजल संचयनाची घरे मोजली नाहीत. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ साली बंदी आली तेव्हापासून पुठ्ठ्याचा खप वाढला, एवढाच फरक. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, ज्याच्या वडिलांना परवडतो त्याचा चांगला दिसतो. सावलीची काठी अशा टेबलावर ठेवली तर तिच्याकडे कोण पाहणार? त्या मुलींच्या प्रकल्पाला तालुक्यात क्रमांक मिळाला नाही.

२०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधने सांगितली गेली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. कागदावर याहून चांगली योजना सापडणे कठीण. पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. शिक्षकाने मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची होती. लवकरच अशा नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. 'परिसरातील घटनांचे निरीक्षण करतो' हे वाक्य पन्नास मुलांच्या नावापुढे एकाच अक्षरात आम्ही पाहिले आहे. पन्नास मुलांच्या वर्गात आठ साधने वापरायला सांगणाऱ्याचाही त्यात वाटा आहे, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणून "परीक्षाच काढून टाका, सगळे प्रकल्पावर सोडा" असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे राहत नाही. दहावीचा अनुभव डोळ्यांपुढे आहे. राज्य मंडळाचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. अभ्यासक्रमही २०१९ सालीच नवा होता, २०२० साली महामारीमुळे भूगोलाचा पेपर झाला नाही. सगळा चढउतार त्या वीस गुणांचाच असे म्हणणार नाही. पण शाळेच्या हातातल्या गुणांचे काय होते हे मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. ज्याची ओळख नाही, ज्याच्या बापाचे गावात वजन नाही, त्याचा भरवसा त्या काळ्या गोलावरच असतो. यंत्र नाव वाचत नाही. मजुराच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता आहे ती त्या परीक्षेमुळेच, प्रदर्शनामुळे नव्हे. हे विसरून परीक्षेवर टीका करणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे.

मग दोष कशाचा? आमच्या मते प्रश्नाचा. परीक्षेचा नव्हे, परीक्षेतल्या प्रश्नाचा. हा फरक ज्यांनी सर्वांत आधी नीट ओळखला ते लोक शेजारच्या मध्य प्रदेशातले. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचे काम सुरू केले. १९७८ साली ते जिल्हाभर पसरले, १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळले. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक. त्यात प्रयोग होते, प्रश्न होते आणि उत्तरे बहुतेक नव्हती. मुलांच्या पत्रांना 'सवालीराम' उत्तर देत असे. पुण्याचे अरविंद गुप्ता सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून आकार जोडायला लागले ते १९७८ साली तिथल्या कामात असतानाच.

हे सगळे आपल्या वाचकांना ऐकून माहीत असेल. कमी बोलले जाते ते त्यांच्या परीक्षेविषयी. त्यांनी पुस्तक बदलले तशीच परीक्षाही बदलली. पुस्तक आणि आपली वही उघडी ठेवून लेखी पेपर सोडवायचा, शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. पुस्तक उघडे असले की पुस्तकात उत्तर असलेला प्रश्न विचारता येत नाही! मग प्रश्न काढणाऱ्याला बसून विचार करावा लागतो. प्रश्नपत्रिका काढायला शिक्षक एकत्र बसत, एकमेकांच्या प्रश्नांवर वाद घालत. सरकारी शाळांत, सरकारी परीक्षेत हे तीस वर्षे चालले.

२००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. विरोधात मांडलेल्या मुद्द्यांत जिल्ह्याच्या दहावीच्या निकालाचाही मुद्दा होता. आठवीपर्यंत एका प्रकारच्या प्रश्नांना सरावलेली मुले पुढे दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेला बसत होती. खालची परीक्षा बदलली, वरची तशीच राहिली, आणि शेवटी वरचीने खालचीला गिळले. त्या कार्यक्रमावर आमचे मनापासून प्रेम आहे, तरी त्याची ही बाजू अपुरी राहिली असे म्हणावे लागते. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेला हात लागल्याशिवाय शाळेतला कोणताही प्रयोग सुरक्षित नसतो.

"पण लाखो मुलांची परीक्षा, पुस्तक उघडून कशी घेणार?" घेऊ नका. चार पर्यायांचाच प्रश्न ठेवा, गोलच काळा करू द्या. फक्त असा विचारा :

"सातारा येथे एका दिवशी उभ्या काठीची सावली दुपारी १२.०० ला ८४ सें.मी. होती. नंतर ती कमी होऊन पुन्हा वाढली आणि १.२८ ला पुन्हा ८४ सें.मी. झाली. सावली सर्वांत लहान केव्हा असेल? (१) १२.०० (२) १२.२८ (३) १२.४४ (४) १.००."

हाही प्रश्न यंत्र तपासते. पण इथे काठीशी उभे राहिलेल्या मुलीला फायदा आहे, तोटा नाही. समान सावलीच्या दोन वेळांचा मध्य म्हणजे मध्यान्ह, ही युक्ती आपल्याकडे शुल्बसूत्रांच्या काळापासून दिशा काढायला वापरली जाते. शंकूभोवती वर्तुळ काढायचे, सावलीचे टोक त्याला सकाळी आणि दुपारी कुठे शिवते ते पाहायचे. प्रत्यक्ष मोजताना ती उपयोगी पडते, कारण मध्यान्हीच्या आसपास सावली फार सावकाश बदलते. पंधरा मिनिटांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर. त्यामुळे 'सर्वांत लहान' नेमकी केव्हा हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ज्याने हे भोगले आहे त्याला मध्य काढण्याचे मोल कळते.

शिकवणी वर्गवाले असल्या प्रश्नांचेही सूत्र करून पाठ करून घेतील हे आम्हांला दिसते. "दोन वेळांची बेरीज भागिले दोन." घेतीलच. त्यावर आमच्याकडे कायमचा उपाय नाही. एवढेच म्हणता येते की खोटे पाठ करण्यापेक्षा खरे पाठ करणे परवडले, आणि प्रश्न दर वर्षी बदलत राहिला तर कधीतरी मोजणेच सोपे वाटेल.

प्रश्नपत्रिका आपल्या हातात नाही, असे शिक्षक म्हणतील. बोर्डाची नाही. पण घटक चाचणीची आहे, सहामाहीची आहे, सराव चाचणीची तर पूर्णपणे आहे. बाजारातला संच वाटण्याआधी शाळेतल्या विज्ञान आणि भूगोलाच्या शिक्षकांनी तो एकदा एकत्र वाचला तरी पुष्कळ काम होईल. साताऱ्याच्या त्या सरांनी आता तेच सुरू केले आहे. मुलांनाही बसवतात : संचातला एखादा प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि त्यात काय चूक आहे ते शोधायचे. मुले यात इतकी रमतात की सराव कधी झाला ते कळत नाही. आठवीच्या मुलांना मोठ्यांची चूक काढण्यासारखे दुसरे सुख नाही.

वेळेचे म्हणाल तर सावलीच्या प्रकल्पाने वर्गाचा एकही तास खाल्ला नाही. दर पाव तासाला दोन मुली उठून दोन मिनिटांत मोजून परत येत. त्याच आकड्यांचा आलेख गणिताच्या तासाला झाला, रेखांश भूगोलाच्या तासाला.

मोबाइलचाही उपयोग झाला, तो असा. यंदाच्या जानेवारीत सरांनी गडचिरोलीच्या एका ओळखीच्या बाईंना काठी उभी करायला सांगितले. रेखांशात सहा अंशांचे अंतर, म्हणजे मध्यान्हीत चोवीस मिनिटांचा फरक पडायला हवा. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजून आकड्यांच्या वहीचे फोटो एकमेकांना पाठवले. स्पर्शफलकावर दोन्ही पाने शेजारी-शेजारी लावली. त्या फलकाचा याहून चांगला उपयोग आम्ही पाहिलेला नाही. पुढे कोल्हापूर आणि धुळे या दोन ठिकाणी एकाच दिवशी मोजायचे मनात आहे. अक्षांशात ४.२ अंशांचा फरक, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. जानेवारीच्या मध्याला मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली कोल्हापुरात ७७ सें.मी.च्या तर धुळ्यात ९० सें.मी.च्या आसपास यायला हवी. एवढ्या आकड्यांवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. या दोन जिल्ह्यांतल्या वाचक शिक्षकांनी आम्हांला अवश्य कळवावे.

गडचिरोलीचा फरक चोवीस नव्हे, सव्वीस मिनिटे आला. वरची दोन मिनिटे कुणाची, यावर दोन्ही शाळांत वाद चालू आहे. सातारकरांचे म्हणणे, गडचिरोलीची काठी तिरपी होती. गडचिरोलीकरांनी ओळंब्याचा फोटो पाठवला आहे.

त्या मुलीला डिसेंबरात शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची होती. ती दिली. सावलीवर प्रश्न आला नव्हता.